परत आलेल्याचं देणं

"भाई, रिव्हाइव्ह दे!" ही हाक संध्याकाळी नगरच्या सावेडीतल्या कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात ऐकायला मिळते. पायऱ्यांवर चार पोरं मोबाइलमध्ये माना घालून बसलेली असतात. एकाचा गडी खेळात आडवा झालेला असतो, दुसरा धावत जाऊन त्याला काही सेकंदांत उभा करतो आणि खेळ पुढे सरकतो. त्या खेळात ते योग्यच आहे. तिथे कस लागतो तो नेमबाजीचा, आणि मरणं म्हणजे थोडा वेळ वाया जाणं. पण यातलीच काही पोरं शनिवारी माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या हातात मोबाइल नसतो. समोर कागद, पेन्सिल, फासे आणि एकमेकांचे चेहरे असतात. इथेही कधीतरी कुणी मरतं, आणि पहिलं वाक्य तेच येतं: "मरू दे ना ताई, पुढच्या वेळी रिव्हाइव्ह करू."

या वाक्यापाशी माझं काम सुरू होतं.

गुलमोहर रोडच्या आतल्या गल्लीत एका छोट्या हॉलमध्ये मी टेबलावरचे रोलप्लेइंग खेळ चालवते. शनिवारी शाळकरी मुलांची बॅच असते, रविवारी मोठ्यांची. मोठ्यांमध्ये इंजिनिअरिंगची मुलं आहेत, मेडिकलच्या दुकानात काम करणारी एक मुलगी आहे, बँकेत नोकरी करणारे एक काका आहेत. त्याआधी बरीच वर्षं मी बालनाट्य शिबिरं घेतली, आणि या खेळाकडेही मी नाटकवाली म्हणूनच बघते. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रत्येक खेळाडू एक पात्र घडवतो. त्याचं बळ, चपळाई, विद्या, स्वभाव, पूर्वायुष्य हे सगळं एका कागदावर लिहिलेलं असतं; त्याला आम्ही शीट म्हणतो. जग, गावं, शत्रू आणि प्रसंग उभे करण्याचं काम खेळ चालवणाऱ्याचं, म्हणजे डीएमचं. पात्र काय करणार ते खेळाडू सांगतो, आणि जिथे यशाची खात्री नसते तिथे वीस बाजूंचा फासा टाकला जातो. अशी एक गोष्ट, जिला आम्ही कॅम्पेन म्हणतो, महिनोन्‌महिने चालते. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापलं, तिथून हा प्रकार जगभर पसरला. 2023 मध्ये त्याचे मूळ नियम सर्वांना मोफत वापरता येतील असे खुले झाले, त्यामुळे महागडी पुस्तकं न घेताही आमच्यासारख्यांचं टेबल चालतं.

या खेळात मरण आहे, आणि मेलेल्याला परत आणायची सोयही आहे. दोन्ही का आहेत, हे समजून घेतल्याशिवाय परतीला वजन कसं द्यायचं ते कळत नाही.

मरण आहे, कारण त्याच्यावाचून शौर्याला अर्थ उरत नाही. वाचणारच असलेला माणूस आगीत उडी मारतो तेव्हा तो काहीच पणाला लावत नसतो. परतीची सोय आहे, कारण फासा आंधळा आहे. वर्षभर जीव लावून वाढवलेलं पात्र एखाद्या चिल्लर चोराच्या बाणाने पडू शकतं. आमच्याकडे वापरतो त्या पाचव्या आवृत्तीत पात्राचा जीव शून्यावर आला की ते लगेच मरत नाही. दर फेरीला ते एक फासा टाकतं, त्याला आम्ही डेथ सेव्ह म्हणतो. दहा किंवा वर आलं तर एक यश, खाली आलं तर एक अपयश. तीन यशं झाली की जीव तगला, तीन अपयशं झाली की संपलं. एक पडला तर दोन अपयशं धरायची. वीस पडला तर गडी डोळे उघडून उठतो. या फाशांच्या वेळी टेबलावर कुणी चिप्सचं पाकीटसुद्धा वाजवत नाही.

आणि मग, संपल्यावर, मंत्र येतात. 'रिव्हिव्हिफाय' मरणानंतर एका मिनिटाच्या आत करायचा, त्याला तीनशे सोन्याच्या नाण्यांचे हिरे लागतात. 'रेझ डेड' दहा दिवसांच्या आत, पाचशे नाण्यांचा हिरा. 'रेझरेक्शन' शंभर वर्षांपर्यंत, हजार नाण्यांचा हिरा. सगळ्यांत मोठा 'ट्रू रेझरेक्शन' दोनशे वर्षांपूर्वीच्या मेलेल्यालाही उठवतो, त्याला पंचवीस हजार नाण्यांचे हिरे. हिरा मंत्रात जळून जातो.

कागदावर हा हिशेब जड दिसतो. टेबलावर तो फार लवकर हलका होतो. सुरुवातीला पाचशे नाणी म्हणजे पार्टीची, म्हणजे सोबत निघालेल्या पात्रांची, सगळी पुंजी असते. पण पात्रं मोठी होतात, खजिने सापडतात, आणि वर्षभरात हिरे पिशवीत आधीच घेऊन ठेवले जातात. त्यानंतर मरण म्हणजे किराणा यादीतली एक नोंद होते. जुन्या नियमांनी हे ओळखलं होतं. 1978 च्या पुस्तकात पात्राच्या काटकपणाच्या आकड्यावरून ठरे, की ते परत येताना तगेल की नाही. दर परतीला तो आकडा एकाने घटे आणि मूळ आकड्याइतक्याच वेळा परत येता येई. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत परत येणाऱ्याची एक पूर्ण पातळी जाई. पाचव्या आवृत्तीत 'रेझ डेड'नंतर काही दिवस फाशात चारची वजावट होते आणि रोजच्या विश्रांतीने ती भरून निघते. म्हणजे प्रत्येक पिढीने किंमत लावली, पण ती आकड्यांत लावली. आकडा घटला की खेळाडू हळहळतो, तो आकड्यासाठी. आपला सोबती मरून परत आला आहे, याचं काही टेबलावर उमटत नाही.

उत्तर शोधायला मला लांब जावं लागलं नाही. सावेडीतून जाणारा मनमाड रस्ता राहुरी, शिर्डी करत कोपरगावला पोहोचतो. दुसरीकडे संभाजीनगरच्या रस्त्याने गेलं की नेवासे फाटा लागतो. या दोन रस्त्यांवर, आमच्याच जिल्ह्यात, मरणातून परतण्याच्या तीन कथा नांदतात. लहानपणापासून ऐकलेल्या या कथा मी खेळ चालवायला लागल्यावर नव्याने ऐकल्या. एक गोष्ट आधीच सांगते: देव आणि संत मी टेबलावर आणत नाही. लोकांची श्रद्धा ही खेळायची वस्तू नाही. मी घेते ती कथेची बांधणी.

पहिली कोपरगावची. गोदावरीकाठी बेटावर शुक्राचार्यांचं मंदिर आहे, कचेश्वराचंही आहे. कचाने संजीवनी विद्या मिळवली ती इथेच, असं परिसरात मानतात. महाभारताच्या आदिपर्वातली ही कथा आहे, आणि मराठी माणसाला ती खाडिलकरांच्या 1913 च्या 'संगीत विद्याहरण'मुळे जास्त जवळची. कच तीन वेळा मरतो. पहिल्यांदा असुर त्याचे तुकडे करून लांडग्यांना घालतात. दुसऱ्यांदा त्याला वाटून समुद्रात मिसळतात. दोन्ही वेळा शुक्राचार्यांची मुलगी देवयानी हट्ट धरते आणि शुक्राचार्य मंत्राने त्याला बोलावतात. तिसऱ्यांदा असुर त्याची राख मद्यात कालवून खुद्द शुक्राचार्यांनाच पाजतात. आता कच परत यायचा तर गुरूचं पोट फाडून, म्हणजे गुरूच्या मरणाने. शुक्राचार्य पोटातल्या शिष्याला विद्या शिकवतात, तो बाहेर येतो आणि त्याच विद्येने गुरूला उठवतो.

पहिल्या दोन परती आणि तिसरी यांतला फरक कुणाही डीएमने नीट बघावा असा आहे. पहिल्या दोन फुकट होत्या, म्हणून कथा जिथल्या तिथे राहिली. तिसरीला किंमत पडली, आणि त्या किंमतीतून पुढचं सगळं निघालं. शुक्राचार्यांनी मद्याला शाप दिला. गुरूच्या पोटातून जन्मलो म्हणून देवयानी बहीण झाली, असं म्हणून कचाने तिला नकार दिला. तुझी विद्या तुला फळणार नाही, असं ती म्हणाली. ऋषिपुत्र तुला वरणार नाही, असं तो म्हणाला. देवयानी ययातीच्या घरी गेली ती याच वाटेने. एका परतीने चार नाती बदलली. हिरा जाळून असं काही घडत नाही, कारण हिऱ्याचं कुणाशी नातं नसतं.

दुसरी शिर्डीची. 'श्रीसाईसच्चरिता'त 1886 सालचा प्रसंग आहे. साईबाबांनी आपले भक्त म्हाळसापती यांना सांगितलं, की तीन दिवस माझा देह सांभाळ, परत आलो नाही तर अमुक ठिकाणी पुर. आणि श्वास थांबला. गावकरी जमले, अधिकारी आले, पंचनामा झाला, दफनाची घाई सुरू झाली. म्हाळसापती बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिले. तीन दिवसांनी बाबांनी डोळे उघडले. या कथेत मंत्र नाही. आहे ती राखण. सगळं गाव 'गेले' म्हणत असताना एकाने 'थांबा' म्हणत बसून राहायचं.

तिसरी नेवाशाची. पैठणहून परतताना ज्ञानेश्वर आणि भावंडं प्रवरेकाठी नेवाशाला आली. तिथे एक स्त्री पतीच्या प्रेताशी बसलेली होती, सती जायला निघालेली. ज्ञानेश्वरांनी तिला सौभाग्याचा आशीर्वाद दिला आणि तो पती उठला. ते सच्चिदानंदबाबा. पुढे त्याच गावी, आज ज्याला आपण पैस खांब म्हणतो त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरचं निरूपण सांगितलं, आणि ते लिहून घेतलं सच्चिदानंदबाबांनी. शके 1212, म्हणजे 1290 मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. परंपरा एवढंच सांगून थांबत नाही की तो माणूस उठला. उठून त्याने काय केलं, तेही सांगते. आपल्या भाषेतल्या सगळ्यांत मोलाच्या ग्रंथाचा लेखनिक हा मरणातून परत आलेला माणूस आहे.

देणं, राखण आणि काम. माझ्या टेबलावरची परत येण्याची रीत या तिन्हींवर उभी आहे.

नियमांचा सांगाडा मी मॅट मर्सर या अमेरिकी डीएमकडून घेतला आहे. 'क्रिटिकल रोल' या त्यांच्या खेळाचं प्रक्षेपण 2015 मध्ये सुरू झालं, आणि परत आणण्याचे त्यांचे नियम 2017 मध्ये 'टॅलडोरे' या पुस्तकात छापून आले. मंत्र म्हटला की काम झालं, असं तिथे नाही. जास्तीत जास्त तीन सोबती विधीत काहीतरी अर्पण करतात: एखादी वस्तू, एखादं वचन, एखादी आठवण. प्रत्येकजण त्यासाठी फासा टाकतो. शेवटी डीएम एकच फासा उघड्यावर टाकतो. गाठायचा आकडा दहापासून सुरू होतो, आधी जितक्या वेळा परत आला असेल तितका वाढतो, प्रत्येक यशस्वी अर्पणाने तीनने उतरतो आणि फसलेल्याने एकने चढतो. हा सांगाडा उत्तम आहे, कारण तो खेळाडूंना बोलतं करतो. त्यात मी आमच्या जिल्ह्याचं घातलं.

हिरे बाजारातून काढून टाकले. आमच्या खेळाच्या जगात परतीचा मंत्र जाणणारी माणसं मोजकी आहेत, आणि ती पैसे घेत नाहीत, देणं सांगतात. देणं मेलेल्याच्या नावावर चढत नाही. जो त्याला मागायला जातो त्याच्या नावावर चढतं. मंत्र पुरा होईपर्यंत तीन रात्री एका सोबत्याने देहापाशी बसायचं, आणि जग त्या तीन रात्री थांबत नाही. परत येणाऱ्या खेळाडूला मी दोन प्रश्न विचारते: तिथे काय ठेवून आलास? आणि कशासाठी आलास? उत्तरं त्याची असतात, मी बदलत नाही.

हे प्रत्यक्षात कसं चालतं, ते एका प्रसंगातून सांगते. रविवारच्या टेबलाचं जग मी नगरवरूनच बेतलं आहे. काळ्या दगडाचा भुईकोट, खंदक, उजाड माळ आणि पाण्याची ओढ. निजामशाहीत नगरला बाहेरच्या गावांकडून खापरी नळांनी पाणी यायचं; आमच्या गोष्टीतही असाच जुना भुयारी नळ होता, पुरून गेलेला, आणि पार्टीने तो पुन्हा वाहता करायचं मनावर घेतलं होतं. नळाची वाट एकालाच ठाऊक होती: इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला एक मुलगा जो खेळत होता त्या वाटाड्याला. भुयार खचायला लागलं तेव्हा वाटाड्याने लाकडी टेकू खांद्यावर धरला आणि बाकीच्यांना बाहेर काढलं. डेथ सेव्ह झाले. चौदा, सहा, आठ, आणि मग चार. तिसरं अपयश. पोराने फासा उचलून डबीत ठेवला आणि शीट माझ्याकडे सरकवलं.

मेडिकलवाली मुलगी वैद्य खेळत होती. ती म्हणाली, "मी मागायला जाते. देणं माझ्या नावावर लिहा." मंत्र जाणणारी म्हातारी डोंगरावर. तिने देणं सांगितलं: ज्या दिवशी मी बोलावेन त्या दिवशी हातातलं काम टाकून यायचं. वैद्याने कबूल केलं. बँकवाले काका म्हातारा किल्लेदार खेळत. ते म्हणाले, "राखणीला मी बसतो." आणि दुसऱ्याच रात्री मी बातमी आणली, की पाणी अडवणाऱ्या सरदाराची माणसं खालच्या वाडीवर चालून येत आहेत. पार्टीतली सगळ्यांत भक्कम तलवार किल्लेदाराची होती.

यानंतर जे बोलणं झालं, त्यासाठी मी हे काम करते. तिरंदाज खेळणारा म्हणाला, "काका, तुम्ही आला नाहीत तर वाडी जाईल." काका म्हणाले, "मी उठलो तर हा जाईल." "हा एक आहे, वाडीत चाळीस घरं आहेत." काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याने टेकू धरला तेव्हा आपली घरं मोजली नाहीत. मी बसणार." वाडीची लढाई किल्लेदाराशिवाय झाली. वाडी वाचली, पण अर्धी जळाली, आणि ते घडलंच नाही असं मी नंतर कधी होऊ दिलं नाही.

विधी झाला. वैद्याने आपली औषधांची वही अर्पण केली, फासा जमला. तिरंदाजाने, जळालेल्या वाडीतून परत येऊन, पहिली शिकार केलेलं धनुष्य ठेवलं, तेही जमलं. तिसऱ्याने गाणं म्हणायचं ठरवलं, त्याचा फासा फसला. दहातून सहा गेले, एक वाढला; आकडा पाचवर आला. मी फासा सगळ्यांसमोर टाकला. सात.

मी त्या मुलाकडे वळले. "तिथे काय ठेवून आलास?" तो म्हणाला, "नावं. वाटा सगळ्या आठवतात ताई, गावांची नावं एकही आठवत नाही." आणि "कशासाठी आलास?" याचं उत्तर त्याने पुढच्या रविवारी आणलं, घरून कागदावर काढून. आजवर त्याच्या वाटाड्याने नळाची वाट कुणाला सांगितली नव्हती. ती त्याची पोटापाण्याची विद्या होती. परत आल्यावर तो नकाशा काढायला बसला. वाटा त्याने काढायच्या आणि गावांची नावं वैद्याने सांगायची, असं दोघांचं काम झालं. त्या नकाशाने आमची गोष्ट पुढे कित्येक महिने चालवली. म्हातारीने वैद्याला बोलावलं ते अगदी नको त्या दिवशी, आणि ती गेली. कुणी कुरकुर केली नाही. सगळ्यांना माहीत होतं, की हे कशाचं देणं आहे.

हे सगळं ऐकून काही डीएम मित्र म्हणतात, की एवढं अवघड केलंस तर खेळाडू जीव मुठीत धरून खेळतील, धाडसच करणार नाहीत. माझा अनुभव उलटा आहे. मरणाला वजन आलं की माणसं विचार करून धाडस करतात, आणि त्या धाडसाची आठवण राहते. वाटाड्याचा टेकू आजही टेबलावर निघतो. रिव्हाइव्हवर उठलेले गडी कुणाला आठवत नाहीत.

मूळ नियमांत एक कलम आहे, त्याच्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं: आत्मा यायला राजी असला पाहिजे. मला ते सगळ्या कलमांत शहाणं वाटतं. पुढे किल्लेदार पडला. दारात उभा राहून पडला, जसं त्याने पडायला हवं तसं. पार्टी मागायला निघाली. मी काकांना बाजूला घेऊन विचारलं, कारण हे टेबलावर सगळ्यांदेखत विचारलं तर माणसाला नाही म्हणता येत नाही. ते म्हणाले, "त्याचं झालं. तुम्ही विधी होऊ द्या, मी उत्तर देतो." विधी झाला, आकडाही गाठला गेला. आणि किल्लेदाराच्या आवाजात काका म्हणाले, "माझं दार मी राखलं. आता तुम्ही राखा." विधी करणाऱ्यांचं देणं मात्र फिटलं नाही, कारण ते मागण्याचं होतं, मिळण्याचं नव्हतं. पुढच्या खेपेला काका नवं शीट घेऊन आले: किल्लेदाराची मुलगी, बापाची तलवार घेऊन, बापासाठी केलेल्या देण्यात वाटा उचलायला. न परतण्यालाही असं वजन येतं. ते येण्यासाठी परतीचं दार खरोखर उघडं असावं लागतं.

इथे काळजीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. 2021 च्या उन्हाळ्यातल्या कोरोनाने आमच्या जिल्ह्यातल्या किती घरांत जागा रिकाम्या केल्या, ते इथे राहणाऱ्या कुणाला सांगायला नको. माझ्या टेबलावर बसणाऱ्यांच्या घरीही त्या आहेत. मेलेलं माणूस परत आणण्याची गोष्ट अशा माणसासमोर मांडताना बेफिकीर राहून चालत नाही. म्हणून कॅम्पेन सुरू होण्याआधी आम्ही एक बैठक फक्त बोलण्यासाठी ठेवतो, त्याला सेशन झीरो म्हणतात. प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून द्यायचं, की टेबलावर काय नको. चिठ्ठ्या मी एकटी वाचते, कुणी लिहिलं ते कुणाला कळत नाही, आणि नको असलेलं येत नाही. एका चिठ्ठीत 'दवाखाना नको' एवढंच होतं. त्या कॅम्पेनमध्ये मरण रानात आलं, रणात आलं, खाटेवर आलं नाही.

अशा एका खेळाडूने मला नंतर सांगितलं, की राखणीच्या रात्री त्याला बरं वाटलं. त्याच्या घरचं माणूस गेलं तेव्हा जवळ बसता आलं नव्हतं, कुणालाच आलं नव्हतं. खेळात कुणीतरी तीन रात्री बसलं, आणि बसणं हेही काम मानलं गेलं. खेळ हा उपचार आहे, असा दावा मी करत नाही. पण नाटकाच्या तालमीत मी जे वर्षानुवर्षं पाहिलं, तेच इथे पाहते: जे आपल्याला करता आलं नाही ते दुसऱ्याच्या अंगाने करून बघितलं की माणसाला थोडं मोकळं वाटतं.

शनिवारच्या लहान मुलांशी मी हे सगळं याच रूपात करत नाही. अकरा-बारा वर्षांच्या पोराचं पात्र मारून टाकण्यात कसलाही मोठेपणा नाही. तिथे मरणाच्या जागी बहुधा बंदिवास येतो, शाप येतो, हरवणं येतं. पण तीन गोष्टी तिथेही पाळते. सोडवायला कुणीतरी स्वतःहून पुढे यायचं. त्याने स्वतःचं काहीतरी द्यायचं. आणि सुटून आलेल्याने उठल्या उठल्या दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं एक काम करायचं. मुलं हे चटकन पकडतात. एका मुलीचं पात्र दगड होऊन पडलं होतं. सुटल्यावर तिने आपणहून सांगितलं, की मी आता रानातले सगळे दगड हात लावून बघणार, आत कुणी आहे का. पुढच्या कित्येक शनिवारांची गोष्ट तिने एका वाक्यात दिली.

डीएम म्हणून माझं काम किती, हेही मला या अनुभवाने ठरवून दिलं आहे. मरणाचे फासे सगळ्यांसमोर उघड्यावर पडतात, परतीचाही मी उघड्यावर टाकते. जिथे मला पात्र मरू द्यायचं नसेल, तिथे फासा हातातच घेत नाही. फासा टाकून मग आकडा लपवायचा, हे मी करत नाही. एकदा खेळाडूंना संशय आला की त्यानंतरचं कुठलंही परत येणं त्यांना माझी कृपा वाटतं, त्यांची कमाई वाटत नाही. आणि कमाई त्यांचीच असायला हवी. मंत्र शीटवर लिहिलेला असतो, पण माणूस परत येतो तो कुणीतरी मागायला गेलं, कुणीतरी बसलं, आणि त्याचं काहीतरी करायचं राहिलं होतं म्हणून.

गावोगावी आता अशी टेबलं मांडली जात आहेत, कॉलेजच्या होस्टेलांत, घरांच्या गच्च्यांवर. जे नव्याने डीएम होत आहेत त्यांना माझं सांगणं आहे, की आपल्या भागात विचारा. परत येण्याची एखादी कथा तिथेही निघेल, आणि तिच्यात नियमांच्या पुस्तकात नसलेलं काहीतरी मिळेल. पुढच्या वेळी तुमच्या टेबलावर कुणी मेलं, तर हिऱ्याची किंमत बघण्याआधी सोबत्यांना विचारा, याच्यासाठी कोण काय देतंय. मग त्या खेळाडूला एकटं गाठून विचारा, परत येऊन तुझं पात्र काय करणार आहे. उत्तर असेल तर त्याला आणा, आणि ते काम त्याच्याकडून करून घ्या. उत्तर नसेल तर त्याचा निरोप नीट घ्या आणि नवं शीट पुढे ठेवा.